उत्तरेची बाजू

थर्केटल म्हाताऱ्याकडे होकायंत्र नव्हतं.
खड्डा आखायचा तर तो पहाटे
दवात फावडं उभं रोवायचा
आणि सावली पडेपर्यंत पाइप ओढत बसायचा.
"पाय उगवतीला," म्हणायचा, "डोकं मावळतीला.
हाक आली की नुसतं उठून बसायचं,
समोरच असेल तो. मान वळवायला नको."

म्हणून आमच्या नॉरफोकच्या त्या आवारात
हिवाळ्यात गेलेले जरा दक्षिणेला कललेले,
उन्हाळ्यात गेलेले उत्तरेला.
वहीत नोंद नसली तरी
कोण कुठल्या ऋतूत गेलं, ते जमीन सांगायची.

मी चौदाचा. त्याच्या हाताखाली.

रविवारी पाद्री सांगायचे,
बाग पूर्वेला लावली होती,
हाकलून दिल्यावर करूबही पूर्वेलाच उभे राहिले,
आणि काईन गेला तो आणखी पूर्वेकडे,
भावाचं रक्त घेऊन.
पुढे कधीतरी त्याच वाटेने
उंटांवरून माणसं आली, ताऱ्याकडे बघत.
मागच्या बाकांवरच्या मासेमारांना मात्र
योनाच आवडायचा.
निनवेला जा म्हटलं
तर पठ्ठ्या मावळतीच्या गलबतात चढला!
"आपल्यातलाच," ते कुजबुजायचे.

उत्तरेबद्दल पाद्री बोलत नसत.

उत्तरेला समुद्र. उत्तरेला वारा,
आणि देवळाच्या भिंतीत एक दार, विटांनी बुजवलेलं.
पूर्वी म्हणे बाप्तिस्म्याच्या वेळी ते उघडं ठेवत,
पाणी पडून बाळ रडलं की
सैतानाला पळायला वाट हवी.
"मग आता तो कुठून जातो?" मी विचारलं.
थर्केटलने पाइप दातांतून काढला नाही.
"जात नसेल."

त्या दारापलीकडे, देवळाच्या सावलीत,
ऊन जिथे मे महिन्यात उशिरा पोचतं,
तिथे भरतीने आणून टाकलेले बिननावाचे खलाशी.
गिरणीच्या तळ्यात उतरलेली केझाया.
आणि पाणी डोक्यावर पडायच्या आत गेलेली बाळं.
घंटा नाही, प्रार्थना नाही, रात्रीचं काम.
बाकीचे खड्डे तो फावड्याने मोजायचा.
त्यातला एक, ऐकलं होतं,
त्याने हाताने मोजला होता. वीत, वीत, अर्धी वीत.
त्याची बायको त्यानंतर देवळात
उत्तरेच्या भिंतीला खेटूनच बसायची.

फक्त पाद्री उलटे पुरायचे:
डोकं उगवतीला, पाय मावळतीला,
म्हणजे त्या दिवशी उठताच
समोर आपला कळप.
तिघे होते तसे, दक्षिणेच्या उन्हात,
गावाकडे तोंड करून.

शेवटच्या दुखण्यात थर्केटलने
नव्या पाद्र्यांना बोलावून घेतलं.
"मला उत्तरेला ठेवा. आणि उलटा."
पिलग्रेम पाद्री तरुण होते, पुस्तकातले.
"तुम्ही दीक्षित नाही, थर्केटल."
"नाही."
बराच वेळ तो छताकडे बघत राहिला.
"पण तिकडचे उठतील तेव्हा, साहेब,
त्यांच्यासमोर कुणीच नाही.
सगळ्यांना मीच निजवलंय.
निदान ओळखीचं तोंड."

पाद्री हो म्हणाले नाहीत.
जानेवारीत तो गेला त्या सकाळी
ते मला म्हणाले, मला आज
शेजारच्या गावी काम आहे, संध्याकाळी येईन.
आणि जाताना आवाराची किल्ली
दगडावर ठेवून गेले.

मी फावडं रोवलं.
सावली पडेना. समुद्रावरून धुकं आलेलं,
दहा वाजले तरी सूर्य कुठे ते कळेना.
गोठलेल्या मातीवर कुदळ खणखणत होती.
शेवटी वाऱ्यावर भरवसा ठेवला:
खाऱ्या वासाला डावा खांदा,
आणि समोर जे उरेल ती पूर्व.

वाकडी आली.

तेव्हा दिसलं नाही. मार्चमध्ये गवत उगवलं
आणि उंचवट्यांच्या रेघा दिसू लागल्या,
तेव्हा दिसलं.
सगळ्यांच्या समोर नाही तो.
एका कोपऱ्याकडे कललाय,
जिथे अडीच वितींची जमीन
जरा खचल्यासारखी आहे.

पिलग्रेम पाद्री माझ्याशेजारी उभे राहून
बघत होते. म्हणाले, "सरळ करता येईल."

मी म्हटलं, "येईल."

अजून केलेली नाही.